लाखेच्या एकसष्ट रेकॉर्डी आणि एक टर्नटेबल : एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्रकरण आर्वी तालुक्यातल्या एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या ठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवतो. निम्मं काम भजनी मंडळांच्या सेटचं आणि लग्नसराईत जळालेल्या हॉर्नच्या युनिटांचं. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, वर्षाकाठी एखादं येतं, तेही बहुतेक "विकून द्या" म्हणून.

गुरुजी मला सातवीला होते. आता वय ७१. घरी सव्वाचार एकर वावर, कापूस आणि तूर. त्यांच्या घरात दोन पेट्या आहेत. एक वाजवायची, जी ते रोज संध्याकाळी घेऊन बसतात. दुसरी लोखंडी, तिच्यात वडिलांच्या रेकॉर्डी. वडील पुलगावला मिलमध्ये कारकून होते आणि पगारातून दर दोन-तीन महिन्यांनी एक रेकॉर्ड घ्यायचे. प्रत्येक पाकिटावर निळ्या शाईत तारीख आणि किंमत. घरचा जुना रेकॉर्ड प्लेअर वीसेक वर्षांपूर्वी बंद पडला आणि लोखंडी पेटीवर गाद्या चढल्या.

गेल्या वर्षी पुण्याच्या मुलानं पन्नास हजार पाठवले. "बाबा, चांगलं मशीन घ्या, स्वस्तातलं नको." गुरुजींनी मला फोन केला.

माझी पहिली चूक त्या फोनवरच झाली. मी विचारलं, "बजेट किती?" ऐकलं आणि सरळ ऑडिओ-टेक्निकाचं एलपी ६० एक्स सुचवलं. बटण दाबलं की आर्म, म्हणजे सुईची दांडी, आपोआप उठतो, रेकॉर्डवर टेकतो, संपलं की जागेवर येतो. सत्तरीतल्या हाताला बरं. सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा प्रीअ‍ॅम्प आतच असतो. पैसेही उरतील. गुरुजी हो म्हणाले. फोन ठेवता ठेवता सहज बोलले, "लाखेच्या पण वाजतील ना रे त्याच्यावर?"

ते मशीन मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे या दोनच गतींवर चालतं. लाखेच्या, म्हणजे प्लास्टिकच्या आधीच्या जुन्या रेकॉर्डी ७८ च्या. मी म्हटलं, "थांबा गुरुजी, ऑर्डर करू नका. रविवारी येतो."

नेमकी अडचण

रविवारी ओसरीत सतरंजी अंथरून पेटी रिकामी केली. काकू प्रत्येक पाकीट फडक्यानं पुसत होत्या, गुरुजी वाचत होते, मी वहीत तीन रकाने पाडून मांडत होतो. लाखेच्या ६१, एलपी (३३ च्या मोठ्या, प्लास्टिकच्या) ३४, लहान ४५ च्या ११. लाखेच्यांपैकी १९ तडकलेल्या किंवा काठाला तुटलेल्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ हे लाखेत. भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व एलपीत. म्हणजे गुरुजींचा जीव जिच्यात अडकला होता ती निम्म्याहून जास्त पेटी माझ्या पहिल्या सल्ल्यानं मुकी राहिली असती.

७८ ची गती मिळाली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. गती हा अर्धाच भाग. लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. एलपी १९४८ साली आली ती बारीक खाचेची. तिची साधी गोल सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई लाखेवर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी घासत जाते. तिथं सत्तर वर्षांची धूळ बसलेली असते, आणि लाखेत मुळातच दगडाची भुकटी मिसळलेली असते. आवाजापेक्षा खरखर जास्त आणि सुईचं आयुष्य कमी. उलट, ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती एलपी गेलीच. तेव्हा गरज एका मशीनची, तीन गतींची आणि दोन सुयांची होती.

ही झाली रेकॉर्डींची बाजू. दुसरी बाजू घराची. गावात लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते. घरी जुना इन्व्हर्टर. गुरुजींची बसायची जागा माडीवर, लाकडी पाटणाची. नातू धावला की तांब्यातलं पाणी हलतं. उन्हाळ्यात माडीवर दुपारी थांबवत नाही, मग खाली कूलर. आणि दिवाळीनंतर भाव चढेपर्यंत कापूस घरातच, पुढच्या खोलीत छतापर्यंत. आमच्याकडे ज्याच्या घरी कापूस असतो त्याच्या भाजीतही रुईचा धागा सापडतो. सुईचं काय सांगावं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय माझ्या आवडीचा होता, म्हणून त्यावर मी नको इतका वेळ घालवला : घरातलाच जुना प्लेअर दुरुस्त करणं. त्याच्या आर्मच्या टोकाला छोटा खटका होता. खटका फिरवला की सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, उलटतं. एका बाजूला ७८ ची सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची. आम्हाला जे पाहिजे ते पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवलेलं. मोटर फिरत होती. पण मोटरकडून थाळीला गती देणारं रबरी चाक दगडासारखं कडक झालेलं, एका जागी चपटं. थाळी फिरली की चाकाच्या दर फेऱ्याला "धप्" असा ठोका. रबर दुसरं चढवता आलं असतं. त्या कार्ट्रिजची नवी सुई मात्र मिळेना, आणि आर्म इतका जड की आपल्या हातानं चांगल्या एलपी त्याखाली द्यायला मन धजेना. तीन रविवार गेले. गुरुजी काही बोलले नाहीत, काकू बोलल्या : "यंदाच्या पोळ्याले तरी वाजन का रे बाबू?"

दुसरा पर्याय नातीनं फोनवर दाखवला : सूटकेससारखा, रंगीत, स्पीकर आतच, गती तिन्ही, किंमत पाच-सहा हजार. पाहायला गोड. पण सुई एकच, तीच सगळ्याला. आर्मला मागे वजन नाही, त्यामुळे भार कमी-जास्त करता येत नाही. आणि स्पीकर त्याच डब्यात, म्हणजे जो आवाज बाहेर पडतो तोच सुईला हलवतो. पाच मिनिटांत नाही म्हटलं.

तिसरा पर्याय चांगल्या बेल्ट-ड्राइव्हचा. हौशी लोक बहुतेक हाच घ्यायला सांगतात आणि शहरातल्या घरात मीही सांगेन. मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी पट्टा असल्यानं मोटरची थरथर सुईपर्यंत कमी पोचते. नागपूरच्या एका ओळखीच्यानं आपला तसला डेक, म्हणजे टर्नटेबल, आठ दिवस वापरायला दिला. त्याला ७८ नव्हतं, पण घरात कसा चालतो ते पाहायचं होतं. एलपीवर आवाज असा सुरेख, की मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं : हा एलपीसाठी, आणि लाखेसाठी पुढं-मागं दुसरं काही.

लाइन गेली तेव्हा

निर्णय फिरला तो संध्याकाळी सव्वासातला. कुमारांची एलपी चालू होती, गुरुजी पेटीवर बारीक सूर धरून बसले होते. लाइन गेली, इन्व्हर्टरनं भार घेतला, ट्यूबलाइट लुकलुकून पुन्हा लागली, गाणं चालूच राहिलं. गुरुजींनी भाता थांबवला. "सूर चढला."

मला काही जाणवलं नव्हतं. माझ्याकडे कागदी स्ट्रोब तबकडी असते. ५० हर्ट्झच्या लायनीवर चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उघडझाप करते, त्या उजेडात ३३ च्या गतीसाठी आखलेल्या १८० रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की गती बरोबर. मी तबकडी ठेवली. रेघा खिळल्यासारख्या स्थिर. "गुरुजी, गती बरोबर आहे, हे पाहा."

"रेघा तुझ्या बरोबर असतील. पेटी पण बरोबर आहे."

ते पट्टी दाबून दाखवत होते आणि खरंच दोन सूर एकमेकांवर घासत होते. मग डोक्यात उजेड पडला. इन्व्हर्टरच्या सॉकेटला मीटर लावला : ५१ हर्ट्झ. त्या डेकची मोटर सिंक्रोनस, लायनीच्या ठोक्यावर पाय टाकणारी. ठोका २ टक्के वाढला तशी तीही वाढली. आणि ज्या ट्यूबलाइटच्या उजेडात मी गती तपासत होतो ती त्याच इन्व्हर्टरवर, म्हणजे तीही तेवढीच जलद. चोर आणि साक्षीदार एकाच घरचे. २ टक्के म्हणजे अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा. नुसतं ऐकणाऱ्याला कळणार नाही. रोज पेटीशी सूर जुळवणाऱ्याला खड्यासारखा लागतो.

दोष त्या डेकचा नव्हता, आमच्या इन्व्हर्टरचा होता. शुद्ध साइन वेव्हचा, पक्क्या ५० हर्ट्झचा नवा इन्व्हर्टर घेतला असता तर प्रश्न मिटला असता, पण निम्मं बजेट तिथंच गेलं असतं आणि ७८ ची गती तरीही नव्हतीच.

निर्णय

म्हणून चौथा पर्याय : डायरेक्ट-ड्राइव्ह. यात थाळी थेट मोटरवर बसते आणि गती क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर धरली जाते; लायनीच्या हर्ट्झशी तिला देणं-घेणं नसतं. टेक्निक्सनं १९७२ मध्ये एसएल-१२०० काढलं आणि पुढं ते डीजेंनी उचललं, तेव्हापासून ही जात डीजे लोकांची म्हणून ओळखली जाते, त्यामुळे शास्त्रीय संगीतवाले नाक मुरडतात. मीही मुरडायचो. आम्ही घेतलं ऑडिओ-टेक्निकाचं एलपी १२० एक्स यूएसबी. कारणं तीनच होती. ३३, ४५, ७८ तिन्ही गती. अडॅप्टरवर चालतं, त्यामुळे इन्व्हर्टरवरही गती हलत नाही. आणि त्याच्यासोबत येणाऱ्या व्हीएम ९५ जातीच्या कार्ट्रिजला फक्त पुढचा सुईचा भाग ओढून ७८ ची वेगळी सुई बसवता येते. ती सुई स्वतंत्र विकत घ्यावी लागते, ती घेतली. अ‍ॅम्प्लिफायर माझ्या दुकानातला जुना देशी स्टिरिओ, फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची जागा), बास-ट्रेबल आणि मोनोचं बटण असलेला. त्याचे कपॅसिटर बदलले. स्पीकरसकट सगळं पन्नासच्या आत बसलं.

त्या नागपूरच्या बेल्ट-ड्राइव्हपेक्षा एलपीवर याचा आवाज उंची आहे, असं मी म्हणणार नाही. दोन्ही ऐकलेल्या माणसाला थोडा फरक कळतो. गुरुजींना कळला. ते म्हणाले, "चालतं. सुरात आहे."

बसवणी

माडी रद्द केली. खालच्या मधल्या खोलीत, कापसाच्या खोलीपासून दूरच्या भिंतीला गावातल्या सुतारानं सागवानाची फळी लोखंडी ब्रॅकेटवर बसवली, वर कडप्प्याची फरशी. पाणसळ धरून चारी बाजू एकसारख्या केल्या. स्पीकर त्या फळीवर ठेवायचे नाहीत हे मी तीनदा सांगितलं. तरी काकूंनी शोभेसाठी एकदा ठेवलेच आणि आवाज वाढवल्यावर घुमारा घुमायला लागला तेव्हा आपण होऊन उतरवले.

पहिल्या दिवशी गाण्याखाली जाडसर गुणगुण. डेकची अर्थची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली होती, तरी. सॉकेट उघडलं तर अर्थिंगचा हिरवा तार भिंतीत हातभर जाऊन संपलेला. गावात अशी घरं मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा; तो हजारपट मोठा करताना गुणगुणही तेवढीच मोठी होते. अंगणात खड्डा खणून पाइप, कोळसा, मीठ घालून नवं अर्थिंग केलं. गुणगुण गेली, आणि फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या यायच्या त्याही गेल्या. काकूंना या सगळ्या खटाटोपातली हीच गोष्ट सर्वांत उपयोगी वाटते.

लाखेसाठी अ‍ॅम्प्लिफायरवर मोनो दाबायचं, कारण रेकॉर्ड मोनोच असते आणि खाचेच्या वरखाली होण्यातून येणारी बरीच खरखर त्यानं कटते. बास थोडा कमी, ट्रेबल थोडा जास्त. आजचा फोनो इनपुट १९५४ सालापासून रूढ झालेल्या आरआयएए वळणानुसार (बास-ट्रेबल किती कमी-जास्त करायचे याच्या ठरलेल्या नमुन्यानुसार) आवाज सरळ करतो. त्याआधीच्या रेकॉर्डी वेगळ्या वळणानं कापलेल्या, म्हणून त्या यावर जाड आणि मंद लागतात. नॉब कुठं ठेवायचे तिथं गुरुजींनी लाल खडूच्या खुणा केल्या आहेत.

स्पिरिटचा प्रकार

मशीन आणलं त्याच आठवड्यात गुरुजींनी फोनवर विचारलं, रेकॉर्डी कशानं धुवायच्या? दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हटलं, "डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं स्पिरिट, मऊ फडकं." माझ्या डोळ्यांसमोर एलपी होत्या. गुरुजींच्या समोर लाखेच्या, कारण मळ त्यांच्यावर जास्त. आणि मळ जास्त म्हणून स्पिरिटही जास्त.

मी पोचलो तेव्हा तीन रेकॉर्डी ओसरीत वर्तमानपत्रावर आडव्या होत्या. उन्हात आरसा चमकावा तशी लाखेची रेकॉर्ड चमकते. या तिघी राखाडी, पाटी ओल्या बोटानं पुसल्यासारख्या. शेजारी कापसाचे बोळे, काजळासारखे काळे. गुरुजी म्हणाले, "केवढा मळ निघाला पाहा." ब्रॅकेटचा स्क्रू आवळायला सुतार आलेला होता. त्यानं एक बोळा उचलला, हुंगला, दोन बोटांत दाबला. बोटं चिकटली.

"गुरुजी, हा मय नाई. हा चपडा हाय. आमी पॉलिशले स्पिरिटात हाच इरगयवतो."

लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या बापानं घरच्या कपाटाला चपड्याचंच पॉलिश केलं होतं. पण फोनवर सांगताना "रेकॉर्ड" म्हणजे एलपी, एवढंच डोक्यात होतं. तिन्ही रेकॉर्डी वाजवून पाहिल्या. गाणं आहे, पण आत कुठंतरी, पत्र्यावर पाऊस पडत असताना शेजारच्या घरात कुणी गात असावं तसं. एकीच्या पाकिटावर गुरुजींच्या जन्माच्या महिन्यातली तारीख होती. ते मला रागावले नाहीत. वर्गात रागवायचे तसे रागावले असते तर बरं झालं असतं.

आता लाखेसाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरची वेगळी बाटली आणि भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब. लेबल कोरडं ठेवायचं, लगेच पुसायचं. स्पिरिटची बाटली काकूंनी गोठ्यात नेऊन ठेवली.

आजची स्थिती

एक वर्ष झालं. न तडकलेल्या ४२ पैकी ३५ लाखेच्या रेकॉर्डी ऐकण्याजोग्या वाजतात. एलपी दोन सोडून सगळ्या. त्या दोन माडीवर पत्र्याखाली पडून राहिल्यानं ताटासारख्या वाकल्या आहेत. उरलेल्या खालच्या खोलीत उभ्या, ताठ लावल्या आहेत.

मे महिन्यात मशीन जवळजवळ बंद असतं. कूलर चालू असला की तीन मिनिटांच्या लाखेच्या गाण्यातलं निम्मं ऐकू येत नाही, आणि त्याची ओली हवा रेकॉर्डींना बुरशी आणते. कूलर बंद केला तर माणूस ऐकायला बसत नाही. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. गुरुजी पहाटे पाचला ऐकतात.

पिच, म्हणजे गती आणि तिच्यासोबत सूर, कमी-जास्त करायची पट्टी मी निरुपयोगी समजत होतो. गुरुजी सर्वांत जास्त तीच वापरतात. जुन्या रेकॉर्डी सगळ्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या नसतात, त्यामुळे ते पेटीच्या पट्टीशी गायकाचा सूर जुळेपर्यंत ती सरकवतात आणि मग सोबत वाजवतात. गायक मुळात त्याच पट्टीत गायला होता का, यावर आमचा वाद आहे. एलपी लावताना मात्र क्वार्ट्झचं बटण दाबायला विसरतात आणि भीमसेन थोडे घाईत गातात.

पुन्हा करायचं झालं तर

बजेट शेवटी विचारीन. आधी पेटी उघडीन आणि मोजीन. मग लाइन किती वेळा जाते आणि इन्व्हर्टर कोणता, ते मीटर लावून पाहीन. जुना प्लेअर दुरुस्त करण्यात गेलेले तीन रविवार माझ्या हौसेचे होते, गुरुजींच्या गरजेचे नव्हते. सुई मिळते का, हे रबराला हात लावण्याआधी विचारायला हवं होतं. धुण्याची कृती फोनवर सांगणार नाही. दोन बाटल्यांवर दोन चिठ्ठ्या चिकटवून देईन, एकीवर "लाख", दुसरीवर "एलपी". उधार आणलेल्या डेकचा उपद्व्याप मात्र पुन्हा करीन. ते आठ दिवस नसते तर घरातल्या लायनीचा हा गुण मला आजही कळला नसता.

एक निर्णय अजून मला खात्रीनं बरोबर वाटत नाही. आपोआप उठणाऱ्या आर्मऐवजी हातानं उचलायचा आर्म दिला. गुरुजींचा उजवा हात थंडीत थरथरतो. आर्मच्या दांडीशी असलेला उचलायचा खटका ते वापरतात, पण जानेवारीत एकदा सुई एलपीवर आडवी घसरली. आता थंडीत नात आली की तीच लावते, ती नसली की काकू. काकूंचा हात स्थिर आहे. त्या खटका वापरत नाहीत.

मागच्या आठवड्यात गुरुजींचा फोन होता. पुढच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस भरला आहे, मशीनवर काकूंचं जुनं नऊवारी दुहेरी करून टाकलं आहे, तरी सुईच्या टोकाला रोज रुईचा बोंडूक जमतो आणि ७८ ची सुई आता स ला श म्हणते. "दुसरी सांगून ठेव," म्हणाले. "आणि येताना भिंगही आण, टोक पाहू."